अर्जेंटिना आणि ब्राझील यांच्या सोयाबीन तेलाच्या निर्यातीची तुलना करताना

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. ठाण्यातील महाविद्यालयात एम.कॉम.च्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तुम्ही अर्जेंटिना आणि ब्राझील यांच्या सोयाबीन तेलाच्या निर्यातीची २००४ ते २०२४ या काळातील तुलना घेतली आहे. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून उतरवून घेतलेले आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. शिवाय आलेखावर २०१९ ते २०२२ या काळात ब्राझीलची निर्यात जवळजवळ अडीच पट झालेली दिसते आणि अर्जेंटिनाची रेषा त्याच सुमारास खाली येते. त्यावरून ‘ब्राझील अर्जेंटिनाला मागे टाकत आहे’ असा निष्कर्ष लिहावा का, असे तुम्ही विचारले आहे.

माझे उत्तर, लिहू नये, असे आहे. मात्र त्याची कारणे ‘आकडे चुकीचे आहेत’ एवढ्यावर थांबत नाहीत. मी वाशीत खाद्यतेलाच्या आयातीच्या व्यवसायात आहे आणि या दोन देशांतून येणाऱ्या सोया डिगमची, म्हणजे गोंद काढलेल्या कच्च्या सोयाबीन तेलाची, खरेदी हे माझे रोजचे काम आहे. या कामात पहिल्यांदा जी गोष्ट अंगवळणी पडते ती अशी की, तेलाची निर्यात हा आकडा स्वतःच्या पायावर उभा नसतो. किती दाणा पिकला, त्यातील किती देशातच गाळला गेला, निघालेल्या तेलापैकी किती घरच्या स्वयंपाकात आणि किती डिझेलच्या टाकीत गेले, हे सर्व वजा जाता जे उरते ते जहाजात चढते. तुमची खरी अडचण मला येथे दिसते. तुम्ही दोन शिलकींची तुलना करीत आहात आणि तिला दोन क्षमतांची तुलना समजत आहात.

तुलना कशी करावी हे ती कशासाठी करायची आहे यावर अवलंबून आहे, हेही आरंभीच मान्य करायला हवे. तळोज्यातील एखाद्या रिफायनरीच्या खरेदी व्यवस्थापकाला पुढच्या दोन महिन्यांत कोणत्या बंदरातून किती माल निघणार एवढेच हवे असते. त्याला वीस वर्षांच्या रेषेचा काही उपयोग नाही. परकीय चलनाचा अभ्यास करणाऱ्याला टनांपेक्षा डॉलर महत्त्वाचे असतात. तुमचा विषय ‘कालानुरूप तुलना’ असल्याने तुम्हाला टन हवेत, वर्षाची व्याख्या दोन्ही देशांसाठी एकच हवी आणि प्रत्येक वळणामागचे कारण हवे. पुढचे विवेचन तेवढ्यापुरते आहे.

आधी न जुळणाऱ्या आकड्यांविषयी. दोन तक्ते जुळले नाहीत की एक खोटा असला पाहिजे, असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा दोन्ही खरे असतात, फक्त त्यांचे ‘वर्ष’ वेगळे असते. ब्राझीलच्या तेल गाळप उद्योगाची संघटना जानेवारी ते डिसेंबर असे वर्ष धरते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या जागतिक तक्त्यांत या दोन्ही देशांच्या गाळपाचे वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर असे जुळवून घेतलेले असते. आपल्याकडील सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्टर्स असोसिएशन या तेल उद्योगाच्या संघटनेचे तेलवर्ष नोव्हेंबरला सुरू होऊन ऑक्टोबरला संपते, तर आपल्या सरकारी व्यापार आकडेवारीचे वर्ष एप्रिल ते मार्च असते. म्हणजे ‘२०२०-२१’ हे एकच नाव तीन वेगवेगळ्या बारा महिन्यांना लावलेले तुम्हाला सापडेल.

याचा परिणाम किती मोठा असू शकतो ते एका घटनेवरून पाहा. डिसेंबर २०२० मध्ये अर्जेंटिनातील तेल गिरण्यांच्या कामगारांनी सुमारे तीन आठवडे संप केला. रोसारिओ परिसरातील गिरण्या आणि धक्के बंद पडले आणि जहाजे पाराना नदीत नांगर टाकून उभी राहिली. संप डिसेंबरच्या अगदी अखेरीस मिटला, त्यामुळे डिसेंबरात निघायचा माल जानेवारीत निघाला. कॅलेंडर वर्षाच्या तक्त्यात यामुळे २०२० खाली जाते आणि २०२१ वर जाते. ऑक्टोबर ते सप्टेंबर वर्षाच्या तक्त्यात मात्र काहीच घडलेले दिसत नाही, कारण दोन्ही महिने एकाच वर्षात मोडतात. तुमच्या दोन तक्त्यांतील फरकाचा काही भाग अशाच ठिकाणी दडलेला असणार.

दुसरा फरक निर्यातदाराचे आकडे घेतले की आयातदाराचे, यातून येतो. समजा, अर्जेंटिनातील सान लोरेन्सोच्या धक्क्यावर टँकर भरला आणि बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे माल जहाजात चढल्याच्या पावतीवर, २८ डिसेंबर ही तारीख पडली. अर्जेंटिनाच्या सांख्यिकी खात्यात तो माल डिसेंबरच्या निर्यातीत जमा झाला. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून महिना-दीड महिन्याने तो टँकर न्हावा शेवाला लागतो, तेव्हा आपल्या जकात खात्यात तोच माल फेब्रुवारीच्या आयातीत, म्हणजे पुढच्या कॅलेंडर वर्षात नोंदला जातो. त्यातही टँकरच्या टाक्यांची मांडणी कागदावर पाहिली तर अनेकदा असे दिसते की, काही टाक्यांत सान लोरेन्सोचे तेल आहे आणि शेजारच्या टाक्यांत ब्राझीलच्या पारानाग्वा बंदरात चढवलेले आहे. याचे कारण नदीच्या खोलीत आहे. पाराना नदीतून पूर्ण भरलेले मोठे जहाज बाहेर काढता येत नाही, म्हणून ते अर्धेमुर्धे भरून निघते आणि उरलेली जागा पुढच्या बंदरात भरते. प्रत्येक पार्सलचे बिल ऑफ लेडिंग वेगळे आणि त्यावरचा उगमदेश वेगळा. किमतीतही भेद आहे: निर्यातदार देश आपल्या बंदरावरचा भाव लिहितो, आपण भाडे आणि विमा धरून पोहोच भाव लिहितो. म्हणून दोन्ही देशांसाठी निर्यातदाराचेच आकडे घ्यावेत. एका देशाचे निर्यातीचे आणि दुसऱ्याचे आयातदारांकडून गोळा केलेले, अशी सरमिसळ कधीही करू नये.

यावरचा उपाय कष्टाचा असला तरी सोपा आहे. दोन्ही देश आपली निर्यात महिनावार जाहीर करतात. महिन्यांचे आकडे उतरवून घ्या आणि तुमचे वर्ष तुम्हीच बांधा. ब्राझीलची मुख्य कापणी फेब्रुवारी ते एप्रिल आणि अर्जेंटिनाची साधारण एप्रिल ते जून अशी असते. ऑक्टोबर ते सप्टेंबर वर्ष घेतले तर दोन्ही देशांचा एकेक पूर्ण हंगाम त्यात बसतो, म्हणून मी तेच घेईन.

वर्गीकरणाच्या बाबतीत एक सूचना. जकातीसाठी मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात सोयाबीन तेल १५०७ या शीर्षकाखाली येते, त्यात १५०७.१० म्हणजे कच्चे, डिगम केलेलेही त्यातच, आणि १५०७.९० म्हणजे शुद्ध केलेले व इतर. दोन्हींची बेरीज घ्यावी. याशिवाय ३८२६ हे बायोडिझेलचे, म्हणजे वनस्पती तेलासारख्या कच्च्या मालापासून बनवून डिझेलमध्ये मिसळायच्या इंधनाचे, शीर्षक आहे. ते तुमच्या विषयाबाहेरचे वाटेल, पण अर्जेंटिनाच्या बाबतीत ते वगळून चालत नाही; कारण पुढे येईलच.

मूल्य आणि परिमाण यांच्याबद्दल फार लिहीत नाही. सोयाबीन तेलाचा जागतिक सरासरी भाव २०१९ मध्ये टनाला पावणेआठशे डॉलरच्या आसपास होता आणि २०२२ मध्ये तो सोळाशेच्या वर गेला. एवढे लक्षात ठेवले म्हणजे डॉलरमधील आलेख त्या काळात का फुगलेला दिसतो ते कळते. वर्तमानपत्रांतील आलेख बहुधा डॉलरमध्ये असतात. तुम्ही टनच घ्या.

आता मूळ विषय. अर्जेंटिना सोयाबीन पिकवण्यात जगात तिसरा आहे, ब्राझील आणि अमेरिका यांच्या मागे. तरीही सोयाबीन तेलाच्या निर्यातीत तो वर्षानुवर्षे पहिला आहे. याचे एक कारण भूगोल आहे. रोसारिओच्या आसपास, पारानाच्या काठाने तिंबूएस, पुएर्तो हेनेराल सान मार्तिन आणि सान लोरेन्सो या पट्ट्यात जगातील सर्वांत मोठ्या गाळप गिरण्यांपैकी अनेक एकमेकींना लागून उभ्या आहेत. शेत जवळ, गिरणी नदीकाठी आणि धक्का गिरणीच्या दारात, अशी ही मांडणी आहे. दुसरे कारण करांचे आहे आणि मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. २००२ च्या आर्थिक पडझडीनंतर अर्जेंटिनाने शेतमालाच्या निर्यातीवर पुन्हा मोठा कर बसवला. २००७ च्या अखेरीस तो दाण्यावर ३५ टक्के आणि तेल व पेंडीवर ३२ टक्के असा होता. निर्यात करामुळे देशातला दाण्याचा भाव पडतो. गिरणी त्या पडलेल्या भावाने दाणा घेते आणि तेल बाहेर पाठवताना तीन टक्के कमी कर भरते. हे तीन टक्के म्हणजे गिरणीला मिळालेले संरक्षणच. दाणा तसाच पाठवण्यापेक्षा गाळून पाठवणे परवडावे अशी ही रचना होती. (२००८ मध्ये हा कर भावाबरोबर चढता करण्याचा सरकारचा बेत शेतकऱ्यांच्या दीर्घ आंदोलनानंतर सिनेटमध्ये समसमान मते पडली असता खुद्द उपराष्ट्राध्यक्ष खुलियो कोबोस यांच्या विरोधी मताने फेटाळला गेला. त्या देशात हा विषय किती पेटता आहे, हे त्यावरून समजावे.)

तिसरे कारण सहसा कोणी लिहीत नाही. अर्जेंटिनाचे लोक घरी प्रामुख्याने सूर्यफुलाचे तेल वापरतात आणि लोकसंख्याही पाच कोटींच्या आत आहे. सोयाबीन तेलाला घरात फारसे गिऱ्हाईक नाही. म्हणून २००६-०७ मध्ये तेथे निघालेल्या सोयाबीन तेलापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक, सुमारे ६० लाख टन, देशाबाहेर गेले.

त्यानंतर २०११-१२ ते २०१३-१४ या काळात हीच रेषा ४० लाख टनांच्या आसपास उतरलेली तुम्हाला दिसेल. पहिली नजर पावसाकडे जाते, आणि २००८-०९ व २०११-१२ या दोन हंगामांत दुष्काळ होता हेही खरे आहे. परंतु पीक सावरल्यावरही निर्यात सावरली नाही, कारण मधल्या काळात बायोडिझेल आले. २००६ च्या कायद्यानुसार २०१० पासून देशातील डिझेलमध्ये बायोडिझेल मिसळणे सक्तीचे झाले, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अर्जेंटिना बायोडिझेलचाच मोठा निर्यातदार बनला. तेल देशाबाहेर जातच होते, फक्त १५०७ ऐवजी बायोडिझेलच्या खात्यात. २०१३ मध्ये युरोपीय संघाने आणि २०१७ मध्ये अमेरिकेने अर्जेंटिनाच्या बायोडिझेलवर जबर शुल्क बसवल्यानंतर ते तेल पुन्हा तेल म्हणून बाजारात येऊ लागले. ३८२६ चा स्तंभ शेजारी मांडला नाही तर ही पुढे-मागे होणारी रेषा तुम्हाला कोड्यासारखी वाटेल. २०१२ पूर्वी बायोडिझेलला स्वतंत्र शीर्षक नव्हते, हेही तळटीपेत नोंदवा.

ब्राझीलची गोष्ट वेगळ्याच वाटेने जाते. २००४-०५ मध्ये ब्राझीलचे सोयाबीन पीक सुमारे सव्वापाच कोटी टन होते. २०२४-२५ मध्ये ते १७ कोटी टनांच्या आसपास पोहोचले. पीक तिपटीहून वाढले. तेलाची निर्यात? २००४-०५ च्या सुमारास ती २५ लाख टनांच्या आसपास होती, २०१९ मध्ये १० लाखांवर आली, २०२२ मध्ये पुन्हा २६ लाखांवर गेली आणि २०२४ मध्ये १४ लाखांच्या आसपास उतरली. तिप्पट पीक आणि तेलाची निर्यात मूळच्यापेक्षाही कमी. माझ्या मते तुमच्या प्रकल्पातील सर्वांत सांगण्याजोगी गोष्ट हीच आहे आणि नेमकी ती ‘मागे टाकत आहे’ या वाक्याखाली झाकली जाते.

वाढलेले पीक गेले कोठे? मोठा भाग दाणा म्हणूनच बाहेर गेला. १९९६ च्या कांदिर कायद्याने ब्राझीलने कच्च्या शेतमालाच्या निर्यातीवरील राज्यांचा विक्रीकर माफ केला, तर दाणा एका राज्यातून दुसऱ्या राज्यातील गिरणीकडे नेताना कर लागत राहिला. मातो ग्रोसो राज्यातील व्यापाऱ्याला दाणा परराज्यातील गिरणीला विकण्यापेक्षा बंदरावर पाठवणे सोयीचे झाले. समोर चीन उभाच होता. त्याने दाण्यावर ३ टक्के आणि तेलावर ९ टक्के आयात शुल्क ठेवले आहे, म्हणजे गाळप आपल्याच गिरण्यांत व्हावे अशी त्याची व्यवस्था आहे. आज ब्राझील वर्षाला १० कोटी टनांच्या आसपास दाणा निर्यात करतो आणि त्यातला बहुतांश चीनला जातो. थोडक्यात, अर्जेंटिनाच्या करांनी दाण्याला गिरणीकडे ढकलले आणि ब्राझीलच्या करांनी जहाजाकडे.

जो दाणा ब्राझीलमध्ये गाळला जातो त्याच्या तेलावर आधी घरच्यांचा हक्क असतो. एकवीस कोटी लोकांच्या स्वयंपाकात सोयाबीन तेलच आहे, आणि २००५ च्या कायद्यानंतर त्याला दुसरा वाटेकरी आला. जानेवारी २००८ पासून डिझेलमध्ये २ टक्के बायोडिझेल सक्तीचे झाले. २०१० मध्ये ५, मार्च २०१८ मध्ये १०, मार्च २०२० मध्ये १२ आणि मार्च २०२१ मध्ये १३ टक्के. घरची पंगत वाढत गेली तसे पातेल्यात शेजाऱ्यांसाठी उरणे कमी होत गेले.

येथे एक ढोबळ हिशेब करून पाहा, कारण सारे गणित त्यातच आहे. ब्राझीलमध्ये वर्षाला ६५ ते ६८ अब्ज लिटर डिझेल खपते. मिश्रणाचा एक टक्का म्हणजे साधारण ६५ कोटी लिटर बायोडिझेल, वजनात पावणेसहा लाख टन. त्याचा सुमारे ७० टक्के कच्चा माल सोयाबीन तेल असतो. म्हणजे सक्तीचा प्रत्येक टक्का ढोबळमानाने ४ लाख टन सोयाबीन तेल घरातच अडवतो. ज्या देशाची एकूण तेल निर्यात १० ते २६ लाख टनांच्या पट्ट्यात फिरते, तेथे सरकारी आदेशातील तीन-चार टक्क्यांचा फरक ती रेषा अर्ध्यावर आणू शकतो किंवा दुप्पट करू शकतो.

आता तुमच्या २०२२ कडे येऊ. सोयाबीन तेल महागल्यामुळे डिझेलचे दर चढू नयेत म्हणून ब्राझील सरकारने २०२१ मध्येच मिश्रण १३ वरून १० टक्क्यांवर आणले आणि २०२२ मध्ये ते तेथेच ठेवले. वरच्या हिशेबाने १२ लाख टनांच्या आसपास तेल मोकळे झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत युक्रेन युद्ध सुरू होऊन सूर्यफूल तेलाचा पुरवठा तुटला; २८ एप्रिल ते २३ मे या काळात इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात बंद ठेवली; भारताने कच्चे सोयाबीन आणि सूर्यफूल तेल प्रत्येकी वर्षाला २० लाख टन इतके बिनशुल्क आणण्याची मुभा दिली. त्या उन्हाळ्यात वाशीच्या आमच्या बाजारात कोणत्या देशाचे तेल आहे हे विचारायला कोणाला सवड नव्हती. टँकर कधी लागणार एवढाच प्रश्न असे. ब्राझीलकडे मोकळे तेल होते आणि जगाला ते कोणत्याही भावाने हवे होते.

आणि तुमच्या निष्कर्षाला सर्वांत अडचणीची ठरणारी बाब अशी की, २०२१-२२ च्या हंगामात ब्राझीलच्या दक्षिणेकडील राज्यांत दुष्काळ पडून त्याचे सोयाबीन पीक आदल्या वर्षापेक्षा कमी आले होते. पीक घटले त्याच वर्षी तेलाची निर्यात विक्रमाच्या जवळ पोहोचली. ही वाढ क्षमतेची असती तर असे झाले नसते. एप्रिल २०२३ मध्ये मिश्रण १२ टक्के आणि मार्च २०२४ मध्ये १४ टक्के झाले आणि निर्यातीची रेषा परत खाली आली. २०२२ आणि २०२४ मधील चार टक्क्यांचा फरक वरच्या हिशेबाने १६ लाख टनांचा. निर्यात प्रत्यक्षात १२ लाखांनी घटली, मधली तफावत वाढलेल्या गाळपाने भरून काढली. शाळकरी गणित आहे, पण रेषेवर नुसता कल काढून जे हाती लागते त्यापेक्षा ते बरेच सांगून जाते.

अर्जेंटिनाची त्याच काळातील घसरण हा निव्वळ आभाळाचा आणि नदीचा मामला होता. २०२०-२१ मध्ये निर्यात सुमारे ६० लाख टन होती. २०२१ मध्ये पाराना नदीची पातळी १९४४ नंतरची सर्वांत खाली गेली आणि जहाजे नेहमीपेक्षा कमी भरून काढावी लागली. मग २०२२-२३ चा दुष्काळ आला आणि सोयाबीन पीक अडीच कोटी टनांवर, आदल्या वर्षाच्या निम्म्याहून थोडेसेच अधिक, इतके घसरले. गिरण्यांनी पॅराग्वे आणि ब्राझीलमधून दाणा आणून गाळप चालू ठेवले, तरी तेलाची निर्यात ४० लाखांच्या आसपास आली. याच काळात सरकारने शेतकऱ्याने धरून ठेवलेला दाणा बाहेर यावा म्हणून सप्टेंबर २०२२ मध्ये डॉलरला २०० पेसो, नोव्हेंबरअखेर २३० आणि एप्रिल २०२३ मध्ये ३०० असा खास विनिमय दर दिला. त्या त्या वेळी दाण्याची विक्री एकदम उसळली आणि नंतर ओसरली. महिनावार आकडे मांडाल तेव्हा अशा उसळ्यांना मागणीची वाढ समजू नका. पाऊस परतल्यावर २०२३-२४ मध्ये अर्जेंटिनाची तेल निर्यात पुन्हा ५० लाखांच्या वर गेली.

म्हणून २०१९ हे आधारवर्ष धरून काढलेल्या वाढीच्या दरावर मी विश्वास ठेवणार नाही. २०१९ हे ब्राझीलच्या रेषेचे तळाचे वर्ष आणि २०२२ हे शिखराचे. या दोन टोकांमधील चक्रवाढ दर वर्षाला सुमारे ३५ टक्के निघतो. आरंभ २००४-०५ चा आणि शेवट २०२४ चा घेतला तर तोच दर वर्षाला उणे तीन टक्क्यांच्या जवळपास येतो. देश तोच आणि माल तोच असून केवळ टोके बदलल्याने उत्तराचे चिन्ह बदलते. तुमच्या मार्गदर्शकांना चक्रवाढ दर हवाच असेल, आणि वाणिज्य शाखेत तो बहुधा हवा असतोच, तर किमान तीन वेगवेगळ्या कालखंडांचे दर शेजारी शेजारी द्या आणि मुख्य तुलना पाच-पाच वर्षांच्या सरासरीवर करा.

निर्यातीच्या रेषेबरोबर आणखी एक रेषा काढा, ती देशात निघालेल्या एकूण तेलापैकी निर्यात झालेल्या हिश्शाची. ब्राझीलसाठी हा हिस्सा २००४-०५ मध्ये चाळीस टक्क्यांच्या वर होता, २०२२-२३ मध्ये पावभर आणि २०२४ मध्ये साधारण आठवा भाग. अर्जेंटिनासाठी तो २००६-०७ मध्ये नव्वदच्या वर, बायोडिझेलच्या काळात दोन तृतीयांश आणि २०२०-२१ मध्ये तीन चतुर्थांशांहून अधिक. टनांचा आलेख दोन देशांत शर्यत लागल्याचा भास निर्माण करतो. हिश्शाचा आलेख पाहिला की कळते की, एक देश तेल विकण्यासाठी दाणा गाळतो आणि दुसरा प्रामुख्याने स्वतःसाठी व पेंडीसाठी.

तुम्ही ‘कोणत्या देशाला किती’ असा तक्ताही जोडला आहे, म्हणून त्याबद्दल थोडे. २०१० मध्ये चीनने अर्जेंटिनाचे सोयाबीन तेल घेणे थांबवले. नुसता चीनचा स्तंभ पाहणाऱ्याला अर्जेंटिनाची निर्यात कोसळल्यासारखी वाटेल. पण तेच तेल भारताकडे आणि इतरत्र वळले आणि एकूण बेरजेत फारसा फरक पडला नाही. द्विपक्षीय आकडे वाटा बदलल्याचे दाखवतात, पुरवठा बदलल्याचे नव्हे. भारताचे शुल्क बदलले की काय होते तेही असेच पाहावे. सप्टेंबर २०२४ मध्ये आपण कच्च्या तेलावरील मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केले आणि मे २०२५ अखेर ते १० टक्क्यांवर आणले; तरी २०२४-२५ च्या तेलवर्षात आपली सोयाबीन तेलाची आयात ५५ लाख टनांच्या घरात, म्हणजे विक्रमी झाली. त्या वर्षात पाम तेल सोयाबीन तेलापेक्षा महाग राहिल्याने रिफायनऱ्या डिगमकडे वळल्या. शुल्क पाम आणि सोया दोन्हींना सारखेच होते, त्यामुळे निवड दोहोंच्या भावातील फरकावर झाली.

या सर्वांवरून तुमच्या निष्कर्षाचे वाक्य मी साधारण असे लिहीन: २००४ ते २०२४ या काळात अर्जेंटिनाची सोयाबीन तेल निर्यात ४० ते ६० लाख टनांच्या पट्ट्यात दुष्काळ, कर आणि बायोडिझेल यांनुसार हेलकावत राहिली, ब्राझीलची निर्यात पीक तिप्पट होऊनही १० ते २६ लाख टनांच्या पट्ट्यातच राहिली आणि तिची चढउतार मुख्यतः देशांतर्गत मिश्रणाच्या टक्केवारीने ठरली, २०२२ ची जवळीक अर्जेंटिनातील दुष्काळ आणि ब्राझीलमधील मिश्रणकपात एकाच सुमारास आल्यामुळे दिसली.

शेवटच्या प्रकरणात तुम्हाला पुढच्या काही वर्षांचा अंदाज द्यायचा आहे, असे तुम्ही म्हटले आहे. त्यासाठी रेषा पुढे वाढवू नका, आदेश वाचा. ब्राझीलने ऑक्टोबर २०२४ च्या कायद्याने मिश्रण १५ टक्के करून पुढे दरवर्षी एकेक टक्क्याने २०३० पर्यंत २० टक्क्यांवर नेण्याचा मार्ग आखला. पंधरा टक्क्यांचा टप्पा मार्च २०२५ मध्ये यायचा होता, तो खाद्यतेलाच्या महागाईच्या धास्तीने पुढे ढकलून ऑगस्टमध्ये आला. म्हणजे वेळापत्रक सरकते, एवढी सावधगिरी ठेवायलाच हवी. अर्जेंटिनाने जुलै २०२५ मध्ये दाण्यावरील निर्यात कर २६ टक्के आणि तेल-पेंडीवरील २४.५ टक्के केला; कर उतरला, पण दोन्हींतील अंतर दीड टक्क्याचे राहिले. तुमच्या अंदाजाच्या तक्त्यात ब्राझीलच्या प्रत्येक वर्षापुढे मिश्रणाची टक्केवारी आणि अपेक्षित गाळप, आणि अर्जेंटिनाच्या प्रत्येक वर्षापुढे पीक आणि हे कराचे अंतर, असे दोन-दोन स्तंभ ठेवा आणि निर्यातीचा स्तंभ सर्वांत शेवटी, त्यांवरून काढलेला, असा भरा.